आडव्या बाटलीची रंगीत तालीम

खून पाहिले, दरोडे पाहिले, पण "साहेब, एखादी केस सांगा ना" असं कोणी म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे आधी येते ती बायकांची एक रांग. त्या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नव्हता की कोणाची सुई चोरीला गेली नव्हती. तरी एका पोरीचा संसार पणाला लागला होता आणि तिच्याबरोबर गावातल्या बायकांची हिंमत. आता अकोल्याच्या घरी झाडांना पाणी घालताना कधी मध्येच ते आठवतं, पाइप एकाच कुंडीत राहतो आणि आमच्या घरच्या ठाणेदार आतून ओरडतात.

नांदगाव खंडेश्वर तालुक्याच्या बाजूला एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. ती सगळी तिथेच राहतात आणि मला अधूनमधून फोन करतात.

गावात देशी दारूचं परवानाधारक दुकान होतं. मालक अकोल्याचा, क्वचितच येणारा. सगळा कारभार मॅनेजरच्या हातात. गावातल्या बायकांनी दुकान बंद करण्याची मागणी केली होती आणि त्यासाठी सरकारी मतदान ठरलं होतं. हे मतदान फक्त बायकांचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. यात एक मेख आहे. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या बायका पुरत नाहीत. गावच्या यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी बाटली निवडावी लागते. म्हणजे जी भीतीनं घरी बसली, ती न बोलता दुकानाच्या बाजूची झाली. दुकानवाल्याला कोणाचं मन वळवायची गरजच नसते. बाईला उंबऱ्याच्या आत ठेवलं की त्याचं काम झालं.

मी बंदोबस्ताची आखणी करत बसलो होतो, तेव्हा त्या गावच्या बचत गटाची अध्यक्ष चार बायका घेऊन ठाण्यात आली. बाई उंच, आवाज खणखणीत, खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"साहेब, आमच्यात फितूर हाय. तिले धरा."

"कोणाले?"

"त्या बडनेऱ्याच्या सुनेले. दुसऱ्या कोणाले?"

मी पाणी मागवलं, सगळ्यांना बसवलं आणि सुरुवातीपासून सांगायला लावलं. तक्रारदार नेहमी शेवटापासून सुरू करतो. त्याला सुरुवातीला नेऊन बसवणं हे ठाणेदाराचं पहिलं काम.

झालं होतं असं. सरकारी मतदानाआधी आपल्या बाजूला किती बायका आहेत हे पाहण्यासाठी गटानं समाजमंदिरात एक चाचणी मतदान घेतलं होतं, नाटकाची रंगीत तालीम असते तसं. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली, त्यांच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं बाटल्या काढल्या, काही उभ्या, काही आडव्या. पडद्यामागे दोन ढीग ठेवले. एकेका बाईनं आत जायचं, हवं ते कार्ड उचलायचं आणि पेटीत पालथं टाकायचं. पेटी कोणती, तर गटाच्या बचतीची लोखंडी पेटी. गावच्या वेल्डरनं ती नोटेच्या मापानं अरुंद आणि उंच बनवलेली होती, म्हणून कार्डंही त्याच मापाची कापलेली. अध्यक्षबाई दाराबाहेर उभी राहून एकेकीला आत सोडत होती. आत पेटीजवळ बसली होती ती बडनेऱ्याची सून. बारावी शिकलेली, अक्षर चांगलं, म्हणून तिला हे काम दिलेलं. या दोघींनी पंच म्हणून स्वतः मत टाकलं नव्हतं.

सगळं झाल्यावर पेटीचं झाकण उघडून ती परातीत उलटी केली. सुनेनं वरून एकेक कार्ड उचललं आणि माइकवरून वाचलं. आडवी, आडवी, उभी, आडवी. समाजमंदिरासमोर लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जावं म्हणून खास भोंगा लावला होता. मोजणीत आडव्या बाटल्या भरपूर निघाल्या. बायका खुशीत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मॅनेजरनं एकेका घरातल्या पुरुषाला गाठायला सुरुवात केली. नवरा, मुलगा, दीर, जो सापडेल तो. "तुह्या घरची आडवी हाय बरं. आवर तिले." किंवा "तुह्या घरची शहाणी हाय, उभी टाकली तिनं." वर शेवटी एकच वाक्य सगळ्यांना: "खऱ्या मतदानाचंही आमाले असंच समजनार हाय."

"अन् साहेब, त्यानं सांगतलेलं खरं निघून राहिलं ना!" अध्यक्षबाई म्हणाली. "माह्या शेजारणीनं कोणालेच सांगतलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं तिले तेच येऊन आयकवलं. आता अर्ध्या बाया म्हणतात, आमी मतदानाले येतच नाई. बाटलीवाल्याले सगळं दिसते."

"पण सुनेवरच संशय काहून?"

"तिचा नवरा त्याच दुकानात काउंटरवर नोकर हाय. पेटीजोळ तीच होती. अजून काय पायजे तुमाले?"

घरात सासूनंही तोच निवाडा दिला होता. सुनेची पिशवी भरून तिला बडनेऱ्याला माहेरी पाठवून दिलं होतं आणि "परत येऊ नको" असं अंगणात सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं.

आता पोलिसांच्या दृष्टीनं पाहिलं तर प्रकरण अगदीच पातळ. चाचणी मतदान घरगुती, निवडणुकीचा कायदा त्याला लागू नाही. तोंडी धमकी अदखलपात्र. स्टेशन डायरीला नोंद घ्यायची, समज द्यायची आणि फाइल बाजूला सारायची, एवढंच माझ्या हातात होतं. पण सरकारी मतदानाचा बंदोबस्त माझ्याकडे होता आणि त्या दिवशी रिकाम्या शाळेवर पहारा देत बसायची मला हौस नव्हती. शिवाय मला राग आला होता. मारामारी करणारा माणूस निदान समोर येतो. हा मॅनेजर पान चघळत नवऱ्यांच्या कानात बोलून घराघरात भांडणं लावत होता, आणि त्याला हात लावायला माझ्याकडे काही नव्हतं.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. बायका त्यांच्याशी बोलायच्या, कारण त्या ऐकून घ्यायच्या आणि मध्येच सल्ला द्यायच्या नाहीत. त्यांना घेऊन मी आधी सासूकडे गेलो.

म्हातारी विधवा, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. दारातच सुरू झाली. "पेटीजोळ तीच होती साहेब. मॅनेजरनं माह्या पोराले काय सांगतलं मालूम हाय? म्हणे, तुह्या मायनं आडवी टाकली, तुले कामावरून काढतो. सपशेल चूक! अन् हे तिच्याबिगर कोणाले..."

इतकं बोलून ती थांबली आणि पाणी आणते म्हणून आत गेली. बाहेर आली तेव्हा विषय पिकावर नेला. बोलकी व्यक्ती वाक्य अर्धं सोडते तेव्हा ते अर्धं वाक्य मी मनात जपून ठेवतो. ही सवय मला शाळेत नाही, ठाण्यात लागली.

तिथून बडनेऱ्याला गेलो. सुनेचे वडील रेल्वेत, घर रेल्वे क्वार्टरमध्ये. पोलीस दारात पाहून त्या माणसाचा चेहरा पडला. मी म्हटलं, "चहा पाजा, एवढ्यासाठीच आलो." त्याचा विश्वास बसला नाही, पण चहा आला.

पोरगी समोर बसली. डोळे रडून सुजलेले, पण पाठ ताठ.

"बाहेर काही सांगितलंस?"

"नाई."

"नवऱ्याला?"

"त्याईले इचारा. घरी आल्यावर भाजी काय करू एवढंच बोलणं झालं."

"तिथं बसून तुला काय दिसत होतं?"

"बाया येऊन राहिल्या, कार्ड टाकून राहिल्या. कार्ड पालथं राहे. मले बाटली दिसेच नाई."

"आलेल्या सगळ्यांनी कार्ड टाकलं?"

इथे ती थबकली. खाली पाहिलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मले नाई आठवत."

"तुझा संसार मोडायला आलाय पोरी. काही माहीत असेल तर आत्ता सांग."

"मले नाई आठवत, साहेब," ती पुन्हा म्हणाली, आणि यावेळी माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली.

गाडीत बसल्यावर महिला हवालदार म्हणाल्या, "सर, ही खोटं नाई बोलून राहिली. पण काहीतरी पोटात ठेवलं हाय तिनं." मलाही तेच वाटत होतं. दोष लपवणारा माणूस बहुतेक वेळा जास्त बोलतो, आपल्याला नको ती माहिती पुरवतो. ही मुलगी एका जागी कुलूप लावून बसली होती आणि बाकी सगळी दारं उघडी होती.

मग मी ठरवलं की मॅनेजरची माहितीच तपासायची. ती सगळी खरी आहे असं गाव धरून चाललं होतं, पण कोणी पडताळली नव्हती. अडचण अशी की बायकांना "तू काय टाकलंस" हे विचारणं म्हणजे मॅनेजरचंच काम मी वर्दी घालून करणं. म्हणून महिला हवालदारांना सांगितलं, मत विचारू नका. प्रत्येकीला एकटीला गाठून एवढंच विचारा, मॅनेजरनं तुमच्या घरी जे सांगितलं ते बरोबर की चूक.

त्या गावात फिरून आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसल्या. "सर, गंमत हाय. काही बायकांच्या बाबतीत मॅनेजरचं साफ चुकलं हाय. एका बाईनं आडवी टाकली म्हणून नवऱ्यानं जेवण टाकलं, अन् ती म्हणते मी तर उभीच टाकली होती. दुसरीचा नवरा खूश होऊन साडी आणतो म्हणाला. ती पदर तोंडाला लावून हसते."

भीतीपोटी कोणी खोटं सांगेल हे धरून चालावंच लागतं. पण नवरा खूश असताना "त्याला चुकीचं सांगितलं" असं पोलिसांना सांगायचं त्या बाईला काय कारण? तिच्यावर मी विश्वास ठेवला.

आता मला त्या दिवशीची रांग हवी होती. ती मिळायला अजिबात त्रास झाला नाही. आमच्याकडे गावातल्या बायका हळदीकुंकवाला जशा जातात तशाच कुठेही जातात. मारोतीच्या देवळाकडच्या आळीपासून सुरुवात, घरातली मोठी पुढे, तिच्यामागे मोठी सून, तिच्यामागे धाकटी. कोण कोणाच्या मागे होती हे प्रत्येक बाईला पाठ होतं आणि एकीचं दुसरीशी तंतोतंत जुळत होतं.

ती रांग मी टेबलावर काड्यापेटीच्या काड्यांनी मांडली. मॅनेजरचं बरोबर निघालं तिथे काडी सरळ, चुकलं तिथे मोडलेली. सुरुवातीपासून एका ठिकाणापर्यंत एकही काडी मोडली नव्हती. त्यानंतर मोडक्या आणि सरळ काड्यांची खिचडी.

असं का व्हावं? ऐकीव अफवा असती तर चुका रांगभर पसरल्या असत्या. एखाद्या बाईनं चुगली केली असती तर ज्यांच्याशी तिची ओळख नाही त्यांच्याबाबत ती चुकली असती. इथे चुका एका जागेपासून सुरू होत होत्या.

मी गटाची पेटी मागवली. सकाळच्या हजेरीनंतर अंमलदारांना रांगेत उभं केलं, कार्डं दिली आणि एकेक टाकायला लावलं. मग झाकण उघडून पेटी ताटात उलटी केली. साच्यातून बर्फी निघावी तशी कार्डांची थप्पी जशीच्या तशी बाहेर आली. अरुंद पेटीत कार्डांना इकडेतिकडे व्हायला जागाच नव्हती. पहिल्यानं टाकलेलं सगळ्यांत तळाशी होतं, ते उलटल्यावर सगळ्यांत वर आलं. म्हणजे माइकवरून जी मतं वाचली गेली ती रांगेच्या क्रमानंच वाचली गेली होती! ज्यानं रांग पाहिली आणि भोंगा ऐकला त्याला फक्त जोड्या लावायच्या होत्या. बिचाऱ्या बायकांनी हौसेनं सगळ्या गावाला आपली मतं ओळीनं ऐकवली होती.

मग चुका कशा? पुन्हा काड्यांकडे वळलो. मॅनेजरनं जिला चुकीचं सांगितलं, तिचं खरं मत त्याच्या उलट असणार. तिला विचारायची गरज नव्हती. अशी खरी मतं मांडली तेव्हा दिसलं की त्या जागेपासून पुढे प्रत्येक बाईचं मत तिच्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या नावावर लागलं होतं. सगळी रांग एक घर सरकली होती. दोघी शेजारणींचं मत सारखं असेल तर उत्तर योगायोगानं बरोबर यायचं, वेगळं असेल तर चुकायचं. शेवटच्या बाईच्या घरी मात्र मॅनेजरचा काहीच निरोप गेला नव्हता. तिचा नवरा त्या दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक, तरीही.

याचा अर्थ एकच. रांगेतली एक बाई आत गेली होती, पण तिचं कार्ड पेटीत पडलं नव्हतं. आणि ज्यानं जोड्या लावल्या त्याला ते माहीत नव्हतं.

मी खुर्चीत मागे रेललो. पेटीजवळ बसलेल्या माणसाला ते माहीत असणारच. सुनेनं फितुरी केली असती तर चूक झालीच नसती. मॅनेजरला सांगणारा माणूस बाहेर होता. त्यानं बाई आत जाताना पाहिली, बाहेर येताना पाहिली, मधलं त्याला दिसलं नाही.

कोणती बाई, हेही काड्यांनी सांगितलं होतं. ज्या जागेपासून रांग सरकली, तिथे सासू उभी होती.

महिला हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "पोरीनं याच्यासाठी तोंड शिवून घेतलं होय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मला त्या क्षणी त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की सख्ख्या लेकीचा वाटावा.

आता बाहेरचा माणूस शोधायचा होता. समाजमंदिराच्या दारात जाऊन उभा राहिलो. अध्यक्षबाईही त्या दिवशी दाराबाहेरच होती, म्हणून तिलाही मी डोक्यातून काढलं नव्हतं. पण समोर पाहिलं आणि तो विचार संपला. रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी, गिरणीच्या छपराखाली कॅमेरा, आणि कॅमेऱ्याचं तोंड थेट समाजमंदिराच्या दाराकडे.

गिरणीवाल्याला ठाण्यात बोलावलं. सज्जन माणूस, पापभीरू, अंगावर पीठ घेऊनच आला. मी त्याला मतदानाचं काहीच विचारलं नाही. गिरणीचा पट्टा कुठून आणतो, ज्वारी कितपत येते, कॅमेरा कशासाठी बसवला. कॅमेऱ्यापाशी आल्यावर त्याच्या कपाळावरच्या पिठात घामाचे ओघळ दिसू लागले. मी नुसता त्याच्याकडे पाहत राहिलो. शांततेसारखं हत्यार पोलिसांकडे दुसरं नाही, आणि त्याला परवाना लागत नाही.

"साहेब, मॅनेजर मोजणीच्या टायमाले माह्या गिरणीत बसून होता," तो शेवटी म्हणाला. "भोंग्यावरचं लिहून घेतलं त्यानं. मंग म्हणे, कॅमेऱ्यातली रांग दाखव. मले वाटलं, रस्त्याचंच चित्र, त्यात काय हाय? शेवटी एक मत कमी भरलं, तर म्हणे आयकायचं राह्यलं असन."

"त्याच्या बदल्यात तुला काय मिळालं?"

"काई नाई साहेब. त्यानं मले सांगतलं का तुह्या घरची उभी हाय, तुले फिकीर नाई."

त्याची बायको रांगेच्या मागच्या भागात होती. मी जिभेवर आलेलं गिळलं. "त्यानं सांगितलेलं खरं असेल अशी तुला खात्री आहे?"

त्यानं हो म्हणायला तोंड उघडलं. मग चेहरा बदलत गेला, आणि पहिल्यांदाच तो खरा घाबरला. "साहेब, मी जबाब देतो, सही करतो, कॅमेरा न्या. पण मी कॅमेरा दाखवला हे घरी नका सांगू!"

पंचनामा करून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जप्त केलं. मॅनेजरला बोलावलं तेव्हा तो वकिलाची भाषा बोलत आला आणि रेकॉर्डिंगचं नाव काढताच मऊ झाला. न्यायालयाची परवानगी घेऊन धमकीचा तपास केला, त्याच्यावर प्रतिबंधक कारवाई केली आणि उत्पादन शुल्क विभागाला अहवाल पाठवला. मालकानं त्याला कामावरून काढून टाकलं. कायद्यानं एवढंच शक्य होतं. पण बायकांची भीती कायद्यानं जाणार नव्हती.

म्हणून मी गावातल्या बायकांना समाजमंदिरात जमवलं. सगळ्या आल्या, सासूही आली, भिंतीला टेकून बसली. सून अर्थात बडनेऱ्यालाच होती. मी सोबत आमचे अंमलदार नेले होते. त्यांची रांग लावली, विचारलं, वांग्याची भाजी आवडते की नाही, कार्ड टाका. पेटी उलटी केली आणि एकेकाचं मत त्याच्या तोंडावर सांगितलं. एका जाडजूड शिपायाला वांगं आवडत नाही हे कळल्यावर बायका खो खो हसल्या. मग तीच कार्डं घडी घालून मोठ्या डब्यात टाकायला लावली, हलवली, एकत्र केली. आता सांगा, कोणाचं कोणतं? कोणालाच सांगता येईना. "सरकारी मतदानात असंच होतं," मी म्हटलं. "मतपत्रिकेची घडी घालतात, मोजायच्या आधी सगळ्या एकत्र करतात, कोणी ओळीनं वाचत नाही. त्या मॅनेजरला काही दिसत नाही. त्यानं फक्त ऐकलं, आणि तेही अर्धं चुकीचं."

"चुकलं काहून मंग?" अध्यक्षबाईनं विचारलं.

मी हे टाळणार होतो, पण सुनेची सुटका त्यातच होती. "एका बाईचं कार्ड पेटीत पडलं नव्हतं. म्हणून पुढची सगळी गणती सरकली. पेटीजवळ बसलेल्या मुलीला ते दिसलं असणार. तिनं सांगितलं असतं तर मॅनेजर चुकला नसता. फितूर ती नाही, एवढं मी वर्दीच्या जोरावर सांगतो."

सगळीकडे कुजबुज झाली. मागून कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "पण कार्ड कोणाचं नाई पडलं?"

"ते मला सांगायचं नाही," मी म्हणालो. "आणि तुम्ही विचारायचं नाही."

तेवढ्यात भिंतीजवळून म्हातारी उठली. उठताना तिनं शेजारणीच्या खांद्याचा आधार घेतला.

"माहं," ती म्हणाली.

सगळ्या बायका मागे वळल्या.

"आडवी उचलली तं पोराची नोकरी जाते. उभी उचलली तं... माहा धनी याच दारूनं गेला, मी कोणत्या हातानं उभी उचलू? दोनी ढिगाले हात लावला अन् रिकामाच हात पेटीवर ठेवून बाहेर आली. पोरगी समोर बसली होती. तिनं पाह्यलं. मॅनेजर म्हणे मी आडवी टाकली, तं मले वाटलं हिनंच काईतरी लावलं." ती अध्यक्षबाईकडे वळली. "तिनं एक डाव म्हटलं असतं का माह्या सासूनं कार्डच नाई टाकलं, तं तिच्यावरचं बालंट तिथंच मिटलं असतं. मी तिले अंगणात उभी करून काढलं बाई. तरी तिनं माहं नाव नाई घेतलं."

मग अध्यक्षबाई, जी आठवडाभर "तिले धरा" म्हणत होती, ती उठून म्हातारीजवळ गेली आणि म्हणाली, "चाल बुढे. मीही येतो. मलेबी तिचे पाय धराचे हाय." "मीबी येतो," तिसरी म्हणाली. शेवटी बडनेऱ्याला जायला एक अख्खी काळीपिवळी जीप भरली. महिला हवालदार सोबत गेल्या. त्यांनी नंतर सांगितलं की क्वार्टरच्या दारात इतक्या बायका एकदम रडायला लागल्या की शेजाऱ्यांना वाटलं कोणी गेलं. सासू उंबऱ्याबाहेरच थांबली. सुनेनंच आत जाऊन स्वतःची पिशवी भरली.

मतदानाच्या दिवशी मला बंदोबस्ताचं कामच उरलं नाही. शाळेच्या मैदानात बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आजारी बायकांनाही खाटेवरून उठवून आणलं होतं. बाटली आडवी झाली, आणि चांगली दणकून झाली. सुनेच्या नवऱ्याची नोकरी गेली हे खरं. पुढे त्याला नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या युनिटमध्ये काम लागलं. आता तो डबा घेऊन बसनं जातो आणि पूर्वीपेक्षा सुखात आहे असं म्हातारी मला फोनवर सांगते. खरंखोटं तिचं तिला माहीत.

त्या प्रकरणानं मला जे शिकवलं ते प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. गप्प बसलेल्या माणसाकडे आम्ही पोलीस संशयानं पाहतो, कारण आमच्यासमोर लोक बहुतेक वेळा स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसतात. दुसऱ्याची लाज राखण्यासाठी, स्वतःचं घर पणाला लावून गप्प बसणारं माणूसही असतं. ते ओळखायला वेगळे डोळे लागतात, आणि ते मला त्या विशीतल्या पोरीनं दिले.

अंतिम जबाबावर सही करायला ती ठाण्यात आली होती. सासू बाहेर बाकावर बसली होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "पोरी, मी बडनेऱ्याला तुला विचारलं तेव्हा तुझा संसार जात होता. तरी सांगितलं का नाहीस?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तुमीच तं म्हणता ना साहेब, मत गुप्त राहते म्हणून? मंग सासूबाईनं नाई टाकलेलं मत मी कसं सांगू?"

मी तिला पेन दिलं. तिनं नीट अक्षरात सही केली आणि बाहेर जाऊन सासूचा हात धरून तिला बाकावरून उठवलं.